१६१, ५३४, २३५: मध्य रेल्वेच्या ६३ तासांच्या ब्लॉकचं प्रकरण

वाहतूक नियोजनाच्या वर्गात हे प्रकरण घेतो तेव्हा फळ्यावर आधी फक्त तीन आकडे लिहितो. १६१, ५३४, २३५. शुक्रवार ३१ मे, शनिवार १ जून आणि रविवार २ जून २०२४ या तीन दिवसांसाठी मध्य रेल्वेने रद्द म्हणून जाहीर केलेल्या लोकल फेऱ्यांचे हे आकडे. बेरीज ९३०. मुलं लगेच बेरजेवर जातात, कारण बातम्यांत तीच झळकली होती. मी म्हणतो, मधल्या आकड्याकडे बघा. ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ ताब्यात घेऊन गाड्या बंद किंवा कमी ठेवणं, तिन्ही दिवस होता. मग शुक्रवारी १६१ आणि शनिवारी एकदम ५३४ कशा?

कारण ब्लॉक एक नव्हताच. दोन ब्लॉक एकमेकांत घुसवले होते. ठाण्याचा ब्लॉक गुरुवार-शुक्रवारच्या मध्यरात्री साडेबाराला सुरू होऊन रविवारी दुपारी साडेतीनला संपायचा होता. हे ६३ तास. सीएसएमटीचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा, ब्लॉक चोवीस तास उशिरा, म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या मध्यरात्री साडेबाराला सुरू होऊन रविवारी दुपारी साडेबाराला संपायचा होता. हे ३६ तास. ठाण्यात ५ आणि ६ क्रमांकाच्या फलाटांचं रुंदीकरण करायचं होतं, सीएसएमटीला १० आणि ११ क्रमांकाचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवायचे होते. एक काम लोकलच्या प्रवाशांसाठी, दुसरं मेल-एक्सप्रेससाठी. घोषणा मात्र एकच झाली आणि लोकांच्या तोंडी 'त्रेसष्ट तासांचा ब्लॉक' एवढंच राहिलं.

योगायोग असा की १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून (आजच्या सीएसएमटीजवळून) ठाण्याला जी पहिली गाडी सुटली, तिची दोन टोकं हीच. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. पावणेदोनशे वर्षं होत आली तरी आपली अडचण त्याच दोन स्टेशनांत आहे.

तर मधला आकडा. ठाण्याच्या ब्लॉकमुळे रेल्वे तुटली नव्हती, चिंचोळी झाली होती. जलद गाड्या त्या पट्ट्यात धीम्या मार्गावरून काढल्या. चार पदरी रस्त्याचे दोन पदर बंद केले की जे होतं ते झालं: गाड्या एकामागे एक साचल्या, वेळापत्रक कोलमडलं, पण गाडी डोंबिवलीहून निघून सीएसएमटीला पोचत होती. शनिवारी सीएसएमटी ते भायखळा आणि हार्बर मार्गावर सीएसएमटी ते वडाळा रोड हे तुकडेच बंद झाले. हा प्रकार वेगळा. लोकलसाठी शेवटचं स्टेशन म्हणजे नुसती उतरायची जागा नसते, गाडी उलटी फिरवायची जागा असते. सीएसएमटीला लोकलसाठी सात फलाट आहेत. एका गाडीतून माणसं उतरतात, मोटरमन आणि गार्ड टोकं बदलतात, तेवढ्यात शेजारच्या फलाटावर दुसरी येऊन थांबते. ही सात फलाटांची सोय भायखळ्याला नाही. तिथे परत फिरायचं तर गाडी क्रॉसओव्हरवरून, म्हणजे दोन रुळांमधल्या जोडावरून, डाऊनची (सीएसएमटीहून निघणारी) अप (सीएसएमटीकडे जाणारी) आणि अपची डाऊन होताना दोन्ही रूळ अडवते आणि मागची गाडी चिंचपोकळीला उभी राहते. परळला २०१९ पासून टर्मिनस आहे, दादर-कुर्ल्यालाही काही गाड्या फिरतात, पण सगळं मिळून सात फलाटांची भरपाई होत नाही. एरवी दिवसाला १,८०० च्या वर फेऱ्या चालवणाऱ्या मध्य रेल्वेला शनिवारी दहातल्या तीन गाड्या गाळाव्या लागल्या त्या यामुळे. रूळ किती किलोमीटर बंद आहे यापेक्षा कोणते चार किलोमीटर बंद आहेत, याला महत्त्व होतं.

उसने तास

लंडनने २०२२ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत नॉर्दर्न लाइनचा बँक स्टेशनमार्गे जाणारा फाटा बंद ठेवला होता, सुमारे चार महिने. सिडनीने बँक्सटाउन मार्गाचा मोठा तुकडा ३० सप्टेंबर २०२४ ला मेट्रोत बदलण्यासाठी बंद केला, तो वर्षभराच्या बोलीवर. न्यूयॉर्कने 'एल' मार्गाचा नदीखालचा बोगदा पंधरा महिने बंद करायचं ठरवलं होतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये सुरुवात व्हायची होती, पण जानेवारीत बेत बदलला आणि काम रात्री आणि शनिवार-रविवारी उरकलं गेलं. म्हणजे लोकांच्या धाकाने हात आखडता घेणारे आपण एकटेच नाही.

पण फरक आहे. लंडनमध्ये बँकचा फाटा बंद असताना त्याच लाइनीचा चेरिंग क्रॉसचा फाटा चालू होता. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला २०२४ मध्ये असा दुसरा फाटा नव्हता. घाटकोपरला मेट्रो आहे, ती अंधेरी-वर्सोव्याकडे जाते, दक्षिणेकडे नाही. वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब उभे होते, गाडी नव्हती. डोंबिवली, दिवा, मुंब्रा, कळवा इथल्या माणसाला शहरात यायला रूळ एके रूळ. ते चार महिने बंद करू म्हणणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी खुर्चीवर राहणार नाही.

त्यामुळे मुंबईत काम किती आहे हे बघून ब्लॉक ठरत नाही. शहर किती तास उसने द्यायला तयार आहे ते आधी ठरतं, काम मग त्या तासांच्या मापाने कापलं जातं. रोजच्या रात्री मिळतात जेमतेम दोन-तीन तास. त्यातले वीज बंद करून वरच्या तारेला अर्थिंग (उरलेली वीज जमिनीत जावी म्हणून) लावण्यात आणि पहाटे सगळं आवरून रूळ मोकळा करून देण्यात किती जातात ते गँगमनला विचारा. रविवारी दुपारचे चार-पाच तास मिळतात. या रविवारच्या मेगाब्लॉकची आपल्याला एवढी सवय आहे की लग्नाला निघताना पत्रिकेवरच्या मुहूर्ताआधी पेपरातला ब्लॉक बघतात. देखभाल या तासांत भागते. रूळ बाजूला सरकवायचा, सिग्नल बदलायचे, पूल पाडायचा, तर एकसलग तास लागतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये हार्बरवर १२ डब्यांच्या गाड्यांसाठी सीएसएमटीला ७२ तास घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गासाठी ७२ तास. नोव्हेंबर २०२२ मध्ये १८६८ चा कर्नाक पूल पाडायला २७ तास.

पश्चिम रेल्वेची चाल वेगळी राहिली. खार-गोरेगाव सहाव्या मार्गासाठी २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांनी २९ दिवस घेतले, अडीच हजारांहून जास्त लोकल रद्द केल्या, पण रोज थोड्या थोड्या. एकीकडे एक दणका, दुसरीकडे महिनाभर ठुसठुस. कोणतं बरं? वर्गात यावर हमखास भांडण होतं आणि ते पश्चिम विरुद्ध मध्य असं स्टेशनवार वाटलं जातं. माझं मत सांगतो: जिथे नवा रूळ जुन्या रुळांच्या शेजारी टाकायचा आहे तिथे ठुसठुस परवडते, कारण जुने रूळ चालूच असतात. जिथे आहे तोच रूळ हलवायचा आहे तिथे दणकाच द्यावा लागतो. अर्धा सरकवलेला रूळ सोमवारी गाड्यांना देता येत नाही.

तारीख

या ब्लॉकची तारीख बघण्यासारखी आहे. मुंबई-ठाण्यात लोकसभेचं मतदान २० मे ला झालं, मतमोजणी ४ जूनला होती. शाळांना १५ जूनपर्यंत सुट्टी. पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्या वर्षी तो ९ जूनला मुंबईत आला. एकदा पाऊस लागला की खडीखालची माती फुगते, खोदकामात पाणी भरतं आणि रूळ सरकवणं सप्टेंबरअखेरपर्यंत विसरायचं. मतदान आणि मतमोजणी यांच्यामध्ये, सुट्टी संपण्याआधी, पावसाच्या तोंडावर असा जो शेवटचा शनिवार-रविवार उरत होता, तो यांनी धरला असं दिसतं. तारखेला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवीन ती कळवण्याला. कोणती गाडी कुठपर्यंत जाणार हा तपशील लोकांच्या हाती आला तो ब्लॉकच्याच आठवड्यात. कंपन्यांनी शक्य तिथे घरून काम करू द्यावं, गरज नसेल तर प्रवास टाळावा, असं आवाहन रेल्वेने केलं. करोनानंतर हा उपाय हाताशी आला आहे आणि २०१६ च्या ब्लॉकला तो नव्हता, हे मान्य. पण महिन्याच्या अखेरच्या शुक्रवारी पगारपत्रकाचं काम करणाऱ्याला बुधवारी 'घरून करा' म्हणणं आणि पंधरा दिवस आधी म्हणणं यात अंतर आहे.

ठाणे: फलाट आधी तयार, जागा नंतर

ठाण्याचा ५-६ क्रमांकाचा फलाट हा एकच ओटा, दोन्ही बाजूंना रूळ. ५ वर डाऊन जलद, ६ वर अप जलद. सकाळी सहा नंबरची बाजू भरते, संध्याकाळी पाच नंबरची. मध्ये जिन्यांची तोंडं, छपराचे खांब, स्टॉल, बाकडी. संध्याकाळी सातला कर्जत किंवा कसारा जलद आली की उतरणारे जिन्याकडे आणि चढणारे दाराकडे, आणि दोघांना मिळून जिन्याच्या बाजूची तीनेक पावलांची पट्टी. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ माणसं चेंगरून गेली. त्यानंतर मुंबईत गर्दीचं गणित करणाऱ्या कुणालाही अशी पट्टी दिसली की पोटात गोळा येतो. ही पट्टी दोन-तीन मीटरने वाढवायची एवढंच काम होतं.

पण फलाट रुंद करायचा तर रुळाकडे वाढवावा लागतो, आणि तिथे रूळ आहे. रुळाच्या मध्यापासून फलाटाच्या कडेपर्यंतचं अंतर १,६७० मिलिमीटर, त्यात दहा मिलिमीटरची मुभा. यापेक्षा जवळ आणलं तर डबा घासेल, लांब नेलं तर माणूस फटीत जाईल. म्हणून आधी रूळ सरकवायचा. रूळ सरकवला की त्यावरची तारही सरकवायची. तार रुळाच्या बरोबर मधोमध नसते. पेंटोग्राफची, म्हणजे गाडीच्या टपावरून तारेची वीज घेणाऱ्या सांगाड्याची, पट्टी एकाच जागी झिजू नये म्हणून ती सरळ मार्गावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २०० मिलिमीटरपर्यंत नागमोडी नेलेली असते. रूळ अडीच मीटर हलला आणि तार तिथेच राहिली तर पेंटोग्राफला तार सापडणारच नाही. पुढे खडी पसरणं, मशीनने ती स्लीपरखाली ठासणं, पातळी बघणं, आणि सगळ्यात शेवटी फलाटाची नवी कड.

ही कड जुन्या पद्धतीने बांधायची म्हणजे पाया, भिंत, ओतकाम, मग ते मुरायला दिवस. काँक्रीटला घाई चालत नाही. पाणी मारत बसावं लागतं. ठाण्यात इथेच डोकं चालवलं. पोकळ काँक्रीटचे तयार ब्लॉक आधीच ओतून, मुरवून ठेवले होते, सातशेहून जास्त. रूळ हटला, जमीन सपाट झाली की हे ठोकळे क्रेनने उचलून एकाला एक लावत जायचं, मागे भराव घालायचा. जे काम तासांच्या आत मावत नव्हतं ते तासांच्या बाहेर काढलं. ब्लॉकमध्ये उरलं फक्त मांडणं. गौरी-गणपतीच्या आरासीसारखं: सगळं घरात तयार, मखर उभं करायला एक रात्र.

ठाण्याचं काम ठरल्या वेळेच्या आधी संपलं. यात नशिबाचा भाग असेलही, पण थोडा. ६३ तासांच्या कामातलं बरंचसं ब्लॉकच्या कित्येक दिवस आधी कास्टिंग यार्डात झालं होतं.

सीएसएमटी: जे आधी तयार करता येत नाही

सीएसएमटीचं काम कागदावर तसंच दिसतं. फलाट लांबवायचे, ओटा पुढे न्यायचा. पण फलाटाच्या टोकापुढे असतो तो स्टेशनचा गळा. सगळे रूळ जिथे एकमेकांत मिसळतात, जिथे प्रत्येक गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते, ते पॉइंटचं जाळं. फलाट पुढे न्यायचा म्हणजे हे जाळं मागे ढकलायचं. पॉइंट हलले की सिग्नल हलले, सिग्नल हलले की त्यांना बांधणारी इंटरलॉकिंगची यंत्रणा बदलली. तिथे नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली जात होती.

इंटरलॉकिंग म्हणजे काय ते मी मुलांना जिन्यावरच्या लाइटच्या बटणांवरून सांगतो. वरचं आणि खालचं अशी दोन बटणं, पण दिवा एकच आणि त्याची स्थिती एकच. इथे शेकडो बटणं आणि नियम असा की दोन गाड्यांचे रस्ते एकमेकांना कापत असतील तर दोघांना एकाच वेळी हिरवा मिळताच कामा नये, आणि पॉइंट पूर्ण बसून कुलूपबंद झाल्याशिवाय कुणालाही हिरवा मिळू नये. हा नियम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलेला नसतो. यंत्र चूक करूच देत नाही. ती यंत्रणा बदलताना काही काळ ती बंद ठेवावी लागते. रेल्वेच्या भाषेत नॉन-इंटरलॉकिंग. तेवढ्या वेळात गाडी काढायची झाली तर पॉइंटमन हँडल फिरवून पॉइंट बसवतो, क्लॅम्प लावतो, कुलूप घालतो, किल्ली स्टेशन मास्तरकडे देतो, मग कागद आणि झेंडी. भुसावळच्या बाजूच्या छोट्या स्टेशनात हे चालून जातं. सीएसएमटीला दर दोन-तीन मिनिटांनी गाडी. तिथे गाड्या बंद ठेवणंच शहाणपणाचं.

त्याच वर्षी २९ एप्रिलला सीएसएमटीत शिरताना हार्बरच्या लोकलचा डबा घसरला होता आणि १ मे ला तिथेच चाचणीची रिकामी गाडी पुन्हा घसरली होती. त्या गळ्यात काम करताना कुणी हात राखून काम केलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

पॉइंटचा सांगाडा आधी जोडून आणता येतो. केबल आधी टाकून ठेवता येते. चाचणी आधी करता येत नाही, निदान पूर्ण नाही. नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवर दाखवतो तो पॉइंट जमिनीवर खरंच तिकडे वळलाय का, हा रस्ता दिला असताना तो सिग्नल लाल राहतोय का, हे प्रत्येक जोडीसाठी तपासावं लागतं. एक माणूस पॅनेलवर, एक रुळात, मध्ये वॉकीटॉकी. आणि हे सगळं पास झालं तरी उरतं ते गाड्यांच्या गर्दीखालचं वागणं. सकाळी साडेआठला एकामागून एक गाड्या येत असताना एखादा पॉइंट तिसऱ्या वेळी बसायला अर्धा सेकंद जास्त घेतो का, हे रिकाम्या यार्डात कळत नाही.

एकाच नावाच्या ब्लॉकमध्ये ही दोन इतकी निरनिराळी कामं होती. ठाण्याचं काम वेळेच्या आधीकडे सरकवता येणारं होतं. सीएसएमटीचं नंतरकडे सांडणारं.

शनिवार, भायखळा

शनिवारी सकाळी मी मुद्दाम गेलो. बघायलाच. डोंबिवलीहून भायखळ्यापर्यंत गाडी बरी मिळाली, रविवारपेक्षाही मोकळी. आवाहन ऐकून आणि बातम्या बघून बरेच लोक घरी बसले होते. गर्दी सुरू झाली ती भायखळ्याला उतरल्यावर. बेस्टने जादा बस सोडल्या होत्या, त्या भरून निघत होत्या. पण उन्हात रांग बघून बरेचजण सरळ चालायला लागले. भायखळा ते सीएसएमटी चार किलोमीटर. जे. जे.च्या उड्डाणपुलावर पायी जाता येत नाही, त्याच्या सावलीतून मोहम्मद अली रोडने क्रॉफर्ड मार्केटपर्यंत.

चालणारे कोण होते ते बघत मीही चाललो. लॅपटॉपची बॅग फारशी दिसली नाही. सुरक्षा रक्षकाचे गणवेश पिशवीत घडी करून नेणारे, दुकानात काम करणाऱ्या मुली, हातात डबा घेऊन रुग्णालयात निघालेले नातेवाईक, मंडईचे हमाल. एक बाई सांगत होत्या की त्यांच्या दोन घरच्या मालकिणींनी 'आज नको येऊस' म्हटलं आणि तिसरीने म्हटलं नाही, म्हणून तिसरीकडे चालल्यात. ९३० फेऱ्या सगळ्यांसाठी सारख्या रद्द झाल्या, पण 'प्रवास टाळा' हे ज्यांना शक्य होतं त्यांनी टाळला, उरलेल्यांनी चालत भागवला. नियोजनाच्या भाषेत याला मागणी कमी करणं म्हणतात आणि ती यशस्वी झाली, हे खरंच आहे. शनिवारी कुठे चेंगराचेंगरी झाली नाही. पण कमी झालेली मागणी आणि वाऱ्यावर सोडलेली माणसं या दोन वेगळ्या रकान्यांत मोजायच्या गोष्टी आहेत.

आमच्या इमारतीत एक परिचारिका राहतात. दक्षिण मुंबईतल्या एका रुग्णालयात त्यांची ड्यूटी. शुक्रवारी सकाळी त्या जाताना दोन दिवसांचे कपडे आणि उशीचा अभ्रा घेऊन गेल्या. 'अभ्रा कशाला?' विचारलं तर म्हणाल्या, '२६ जुलैला गेले होते तेव्हा नव्हता.'

सोमवार

रविवारी दोन्ही ब्लॉक संपले. दुपारनंतर गाड्या सीएसएमटीपर्यंत जाऊ लागल्या, वाहिन्यांनी रुंद फलाट दाखवला, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. सोमवार ३ जूनला सकाळी गर्दीच्या वेळी मध्य रेल्वेच्या गाड्या उशिराने धावत होत्या. नव्या यंत्रणेत सुरुवातीच्या अडचणी येत होत्या आणि सीएसएमटीच्या बाहेर गाड्या एकामागे एक थांबत होत्या. शनिवारी घरी बसलेले सगळे सोमवारी एकदम बाहेर पडले होते, कारण त्यांना सांगितलं होतं ते रविवारपर्यंतचं.

मला या प्रकरणात शिकवण्यासारखी जागा सापडते ती इथे. नवी सिग्नल यंत्रणा पहिल्या दिवशी कुरकुरते यात नवल काही नाही. जगात कुठेही कुरकुरते. रेल्वेतल्या कुठल्याही सिग्नल इन्स्पेक्टरला हे माहीत असतं. ब्लॉक रविवारी दुपारी साडेबाराला संपवण्यामागे तोच हिशोब दिसतो: रविवारची दुपार आणि संध्याकाळ पातळ असते, तेवढ्यात यंत्रणा सरावेल. बारा-चौदा तास ठेवले होते. पुरले नाहीत.

मग काय करायला हवं होतं? हा प्रश्न मी उत्तरपत्रिकेत विचारतो.

सगळ्यात हुशार वाटणारं उत्तर असं येतं: क्रम उलटा करा. सीएसएमटी शुक्रवार-शनिवारी करा आणि अख्खा रविवार यंत्रणेला सरावायला द्या. ठाणे रविवारपर्यंत चालू द्या. कागदावर बिनतोड. पण मग ५३४ हा आकडा शुक्रवारी येतो, कामाच्या दिवशी, सगळी कार्यालयं आणि न्यायालयं उघडी असताना. ज्यांनी हा क्रम लावला त्यांनी शुक्रवारचा हंगामा टाळला आणि सोमवारची जोखीम घेतली. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. तो लोकांना सांगितला नाही, हे चुकीचं वाटतं.

दुसरं उत्तर सुट्टी शोधणाऱ्यांचं. २३ मे ला, गुरुवारी, बुद्धपौर्णिमा होती. गुरुवारपासून घ्या, शनिवारी संपवा, रविवार राखीव ठेवा. इथेही मध्ये एक शुक्रवार येतो, पण सुट्टीला चिकटलेला शुक्रवार निम्मा रिकामाच असतो. याला मी चांगले गुण देतो. एकाने तर १८-१९ मे सुचवले, कारण सोमवारी २० तारखेला मतदानाची सुट्टी होती आणि यंत्रणेला तो दिवसही मिळाला असता. त्याला विचारलं, मतदानयंत्रं घेऊन निघालेले कर्मचारी आणि मतदार कशाने जाणार? तो म्हणाला, 'एसटीने.' बऱ्याच एसट्या निवडणुकीच्या कामाला लावलेल्या असतात हे त्याला माहीत नव्हतं.

तिसरं उत्तर दोन्ही कामं वेगळी करण्याचं. ठाणे एका आठवड्यात, सीएसएमटी दुसऱ्या. मला हे पटत नाही. ठाण्यामुळे गाड्या आधीच कमी आणि प्रवासी आधीच घरी, तर त्याच तासांत सीएसएमटी उरकून घेणं हा या नियोजनातला सगळ्यात चांगला भाग होता. वेगळी केली असती तर शहराचे दोन शनिवार गेले असते, आणि दुसरा पावसात.

गेल्या वर्षी बदलापूरहून येणाऱ्या एका मुलीने उत्तरात वेळापत्रकाला हातच लावला नव्हता. तिने माझेच तीन आकडे पुन्हा लिहिले होते, १६१, ५३४, २३५, आणि पुढे स्वल्पविराम देऊन एक रिकामा चौकोन काढला होता. खाली एक ओळ: 'सोमवारच्या किती गाड्या आपणहून कमी करायच्या हे गुरुवारीच जाहीर करावं.' चाळीस-पन्नास फेऱ्या आधीच गाळल्या असत्या तर यार्डात यंत्रणेला श्वास मिळाला असता आणि लोकांनी सोमवारही घरून कामासाठी मागून घेतला असता, असा तिचा मुद्दा. वर्गात मी तिला म्हटलं, चौकोन रिकामा का ठेवलास, आकडा घाल की. ती म्हणाली, 'सर, तो मी कशी घालणार? पॅनेल त्यांच्याकडे आहे.'